ट्रेलर जोडायच्या आधी: गिअरबॉक्सची गळती शोधायची कशी, थांबवायची कशी

ट्रेलर घेऊन निघायला चार दिवस उरलेत आणि गाडीखाली तळहाताएवढा लालसर डाग दिसतोय. कुणीतरी म्हणणारच, "एवढ्याशा गळतीनं काय होतंय? ऑइलचा एक डबा सोबत ठेवा आणि निघा." असं म्हणणाऱ्यानं वजन ओढत घाट चढलेला नसतो, हे मी पैजेवर सांगतो.

मोकळी गाडी सपाट रस्त्यावर चालते तेव्हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधलं ऑइल साधारण ८० ते ९५ अंश सेल्सिअसला असतं. मागे वजन आणि पुढे चढ आला की टॉर्क कन्व्हर्टरचं (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) लॉक सुटतं, आत ऑइल घुसळलं जातं आणि तापमान भराभर चढतं. तापलेलं ऑइल पातळ होतं, त्यात दाबही जास्त. उभ्या गाडीखाली जो थेंब होता त्याची रस्त्यावर धार होते. पातळी उतरली की पंप हवा ओढतो, दाब पडतो, क्लच घसरतात आणि घसरल्यामुळे आणखी तापतात. हेच ऑइल तापलेल्या एक्झॉस्टवर पडलं तर पेटूही शकतं.

गाडी स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर नको. खाली पांढरा पुठ्ठा सरकवा.

आधी डाग कशाचा ते ठरवा. गिअरबॉक्सचं ऑइल बहुतेक गाड्यांत लाल असतं, जुनं झालं की तपकिरी होतं. काही गाड्यांत ते मुळातच पिवळसर किंवा हिरवट येतं. इंजिन ऑइल काळपट, कूलंट पाण्यासारखं, एसीचं पाणी म्हणजे नुसतं पाणी. एक फसवा प्रकार मात्र लक्षात ठेवा: बऱ्याच गाड्यांत पॉवर स्टिअरिंगलाही हेच लाल ऑइल लागतं. डाग पुढच्या बाजूला असेल तर स्टिअरिंगच्या टाकीची पातळी आधी बघा. ऑइल काळं पडलंय आणि जळकट वास येतोय? मग प्रश्न गळतीचा राहिलेला नाही. ट्रेलर जोडू नका, गिअरबॉक्स उघडून दाखवा.

आता खरं काम. गळती आहे हे कळणं सोपं, ती कुठून आहे हे कळणं अवघड, आणि बहुतेक पैसे इथंच वाया जातात. माझे गेलेत. पॅनच्या (गिअरबॉक्सच्या तळाला बोल्टनं बसवलेलं ऑइलचं पत्र्याचं तसराळं) कडेला ऑइल दिसलं म्हणून मी पॅनचं गॅस्केट, म्हणजे जोडातली पातळ पट्टी, बदललं. आठवड्यात पुन्हा ओलं. वाटलं, बसवण्यात चूक झाली, पुन्हा बदललं. पुन्हा ओलं. तिसऱ्या खेपेला पाना खाली ठेवला आणि टॉर्च घेऊन नुसतं बघत बसलो, तेव्हा दिसलं की ऑइल थंड करणाऱ्या कूलरकडे जाणाऱ्या पाइपला रबरी होज जिथं दाबून बसवलेला असतो तिथून बारीक पाझर होता. ते ऑइल पाइपवरून घरंगळत पॅनच्या कडेला येऊन लटकायचं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

पॅन हा गिअरबॉक्सचा सगळ्यात खालचा भाग. वर कुठंही गळू द्या, थेंब पडतो तो पॅनच्या बोल्टवरूनच. त्यात गाडी चालत असताना वारा ऑइल मागे ढकलतो. त्यामुळे जिथं थेंब आहे ती जागा सोडून द्या आणि सगळ्यात वरची, सगळ्यात पुढची ओली जागा शोधा.

त्यासाठी आधी सगळं कोरडं हवं. गाडी थंड असताना ब्रेक क्लीनर मारून गिअरबॉक्स, पाइप, पॅन, सगळं लख्ख पुसून घ्या. ही पायरी कंटाळवाणी म्हणून लोक गाळतात आणि मग जुन्या चिकट्यात नवा पाझर शोधत बसतात. सुकल्यावर साधी टॅल्कम पावडर पातळ भुरभुरा. दहा-पंधरा किलोमीटर फिरून या आणि पुन्हा बघा. जिथं पावडर आधी भिजून काळवंडली तीच जागा. तपासायचा क्रम वरून खाली: डिपस्टिकच्या नळीचं बूड, ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारं छिद्र), वायरिंगचा कनेक्टर जिथं आत शिरतो तिथली ओ-रिंग, गिअर लिव्हरच्या शाफ्टचं सील, कूलरचे दोन्ही पाइप, आणि शेवटी पॅन. तरीही सापडलं नाही तर ऑइलमध्ये घालायचा चमकणारा रंग आणि निळा दिवा मिळतो, तो वापरा.

गळती कधी होते यावरूनही बरंच कळतं, आणि हे मला कुणी सांगितलं असतं तर दोन गॅस्केटं वाचली असती. इंजिन चालू असतानाच गळत असेल आणि रात्रभराचा पुठ्ठा कोरडा निघत असेल, तर संशय दाबाखालच्या जागांवर: कूलरचे पाइप आणि पंप. उलट, फिरून आल्यावर सगळं कोरडं पण दोन दिवस उभ्या गाडीखाली डाग, तर कन्व्हर्टरमधलं ऑइल हळूहळू पॅनमध्ये उतरलेलं असतं. आतली पातळी नेहमीपेक्षा वर चढते आणि एरवी कोरडी राहणारी लिव्हरच्या शाफ्टची किंवा कनेक्टरची सीलं पाझरायला लागतात.

जागा सापडली की दुरुस्ती सरळ आहे. ओ-रिंग असेल तर बदला. कूलरचा पाइप गळत असेल तर पूर्ण पाइप बदला. तात्पुरता होज लावायचाच तर गिअरबॉक्स ऑइलसाठी बनलेलाच लावा, पाण्याचा होज या ऑइलनं फुगतो आणि सुटतो.

पॅनच निघाला तर एकच ताकीद: बोल्ट आवळू नका. गळतंय म्हणून अर्धा फेरा आणखी फिरवणं हा या विषयातला सगळ्यात वाईट सल्ला आहे. हे बोल्ट साधारण १० न्यूटन-मीटरच्या आसपास कसायचे असतात, चाकाच्या नटाच्या दहाव्या हिश्शाएवढे. जास्त आवळलं की भोकांभोवतीचा पत्रा वाकतो, गॅस्केट पिळून बाहेर येतं आणि ॲल्युमिनियममधले आटे जातात ते वेगळंच. पत्रा आधीच वाकला असेल तर लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवून हलक्या हातानं सपाट करा, मगच नवं गॅस्केट. टॉर्क रेंचनं, आकडा पुस्तिकेतला, समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीनं. उत्पादकानं सांगितलेलं नसेल तर सिलिकॉन लावू नका; आत सुटलेले तुकडे फिल्टरमध्ये जाऊन बसतात. पॅन खाली आलाच आहे तर आतलं चुंबक बघा: करडी मऊ पेस्ट ठीक, धातूचे काचेसारखे कपचे असतील तर प्रवास रद्द.

इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडातून लाल ऑइल येत असेल तर ते बहुधा पुढचं सील. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, तुमच्या अंगणातलं काम नाही. बाटलीतलं गळतीबंद औषध सीलं फुगवतं, मऊ करतं. मोकळ्या गाडीला ते काही महिने तारेलही, पण मी त्याच्या भरवशावर ट्रेलर ओढणार नाही.

ऑइल भरताना पुस्तिकेत लिहिलेल्या प्रकाराचंच घ्या. 'सगळ्या गाड्यांना चालतं' असं लिहिलेला डबा दुकानातच राहू द्या. पॅन काढल्यावर कन्व्हर्टरमधलं ऑइल आतच राहतं, म्हणून पुस्तिकेतली एकूण क्षमता बघून ओतत सुटू नका. जेवढं काढलं तेवढं मोजून भरा. बहुतेक गाड्यांत पातळी ऑइल गरम असताना, सपाट जागी, सगळे गिअर एकदा फिरवून, 'पी'मध्ये इंजिन चालू ठेवून बघतात. काही गाड्यांत इंजिन बंद करून बघायची असते, तेही पुस्तिकेत असतं. डिपस्टिकच नसेल तर बाजूच्या प्लगमधून, ठरलेल्या तापमानाला. थंड असताना काठोकाठ भरलं तर गरम झाल्यावर जास्त होतं, फेस येतो आणि ब्रीदरमधून बाहेर पडतं. मग तुम्ही नवी गळती शोधत बसता, जी तुम्हीच केलेली असते.

शेवटची चाचणी ट्रेलर जोडून, सामान भरून. तीस-चाळीस किलोमीटर, त्यात एक लांब चढ. टो मोड (ट्रेलर ओढण्यासाठीची सेटिंग) असेल तर तो लावा, नसेल तर गिअर सारखा वरखाली होऊ न देता खालचाच धरून ठेवा. परत आल्यावर लगेच खाली बघा, मग रात्रभर पुठ्ठा टाका आणि सकाळी वर सांगितल्या पद्धतीनंच पातळी पुन्हा तपासा. दोन्ही वेळा कोरडं आणि पातळी जागच्या जागी असेल तर निघा. एखादा थेंब दिसला तर त्या दिवशी ट्रेलर घरीच राहील.