एकाच रात्रीची दोन भविष्ये

हवामान बदलानंतरचे जग रंगवायला बसले, की बहुधा हिरवीगार नगरी तरी उभी राहते किंवा राखेचा ढीग तरी. दोन्हींत माणूस कुठे दिसत नाही. म्हणून आधी एक व्यक्ती, एक जागा आणि एक वेळ पक्की करावी. समजा, २०५५ सालची उकाड्याची रात्र आहे आणि रुग्णालयात एक परिचारिका रात्रपाळीला आली आहे. हीच रात्र दोनदा लिहायची: एकदा भीषण, एकदा आशेची.

मग आकडे पाहावेत. ‘आयपीसीसी’ या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलविषयक समितीच्या २०२१ च्या अहवालानुसार २०४१ ते २०६० या काळात (१८५० ते १९०० च्या तुलनेत) जागतिक तापमानवाढ उत्सर्जन अत्यंत कमी राहिल्यास सुमारे १.६ अंश, तर अत्यंत जास्त राहिल्यास सुमारे २.४ अंश सेल्सिअस असेल. (शतकअखेरीस हीच दरी १.४ विरुद्ध ४.४ अंश इतकी रुंदावते.) याचा अर्थ असा, की त्या रात्री उकाडा दोन्ही चित्रांत असणारच, आशेच्या चित्रातून तो पुसून टाकला, तर ते चित्र खोटे ठरते.

आता भीषण रात्र लिहावी, पण प्रलय आणू नये. एखादी हेळसांड पुरते. पुराचे पाणी तळघरात शिरल्याने तिथला जनरेटर बंद पडला आहे, लिफ्ट मजल्यांच्या मधे अडकली आहे, हवा इतकी दमट आहे की घाम वाळत नाही, आणि परिचारिका टॉर्च दातांत धरून एका आजोबांच्या कपाळावरची ओली पट्टी बदलते आहे. तिने पट्टी बदलत राहणे महत्त्वाचे आहे, कारण सगळेच हात टेकून बसले की वाचकही पान मिटतो.

आशेची रात्र लिहिणे मला अधिक कठीण वाटते, कारण तिथे लेखणी सैल सुटते. उकाडा तोच, पूरही तोच. मात्र जनरेटर वरच्या मजल्यावर आहे, छत पांढरे रंगवलेले आहे आणि इशारा दोन दिवस आधीच मिळाला आहे. तरीही आजोबा वाचतीलच, असे गृहीत धरू नये.

शेवटी दोन्ही रात्रींपासून वर्षावर्षाने मागे यावे: जनरेटर वर हलवण्याचा प्रस्ताव कोणी मांडला, खर्च वायफळ आहे असे कोण म्हणाले, आणि चालू वर्षी ती फाइल कोणाच्या टेबलावर पडून आहे?