समाजविरोधी व्यक्तिमत्त्व विकृतीवर संशोधन करताय? या चुका टाळा

दरवर्षी मार्च उजाडला, नागपुरात कूलर धुऊन खिडकीला लागले, की मानसशास्त्राच्या लघुप्रबंधांचा गठ्ठा माझ्या टेबलावर येऊन पडतो आणि त्यात दोन-तीन विद्यार्थ्यांनी समाजविरोधी व्यक्तिमत्त्व विकृती हा विषय हमखास घेतलेला असतो. विषय ओढ लावणारा आहे, हे मान्य. परंतु त्याच त्या चुकांवर लाल शाई खर्च करण्याचा आता कंटाळा आला आहे.

सुरुवात शब्दापासूनच होते. 'अँटिसोशल' म्हणजे चारचौघांत न मिसळणारा, माणूसघाणा, असे धरून चालू नये. इतरांचे हक्क सातत्याने पायदळी तुडवणे हा या विकृतीचा गाभा आहे आणि असा माणूस बऱ्याचदा चांगला गप्पिष्ट असतो.

मला सर्वाधिक छळणारी चूक मात्र वेगळीच आहे. डीएसएम-५ या मनोविकारांच्या निदानाच्या अमेरिकी पुस्तकात या निदानासाठी सात लक्षणांपैकी किमान तीन लक्षणे वयाच्या पंधराव्या वर्षापासून दिसावी लागतात, व्यक्तीचे वय किमान अठरा असावे लागते आणि पंधराव्या वर्षाच्या आत 'कंडक्ट डिसऑर्डर' (म्हणजे मुलांमधले, नियम आणि इतरांचे हक्क सतत मोडणारे वर्तन) सुरू झाल्याचा पुरावा लागतो. विद्यार्थी सात लक्षणांवर उत्साहाने खुणा करतात आणि बालपणाच्या अटीपुढे 'होय' लिहून मोकळे होतात. ही अट शोभेची नाही. सेंट लुईसमधील बालमार्गदर्शन केंद्रात आलेल्या ५२४ मुलांचा तीस वर्षांनी माग काढणाऱ्या ली रॉबिन्स यांच्या १९६६ सालच्या अभ्यासाचा तिला भक्कम आधार आहे: समाजविरोधी ठरलेल्या प्रौढांची मुळे जवळजवळ नेहमी बालपणात सापडली, मात्र बालपणी तसे वागणारी बहुसंख्य मुले पुढे तशी झाली नाहीत.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) उमेदवारीच्या काळात व्यसनमुक्ती वॉर्डात सव्वीस वर्षांचा एक तरुण आला. घरातले दागिने विकलेले, चार नोकऱ्या सुटलेल्या, दोनदा मारामारी, आणि प्रत्येक प्रश्नाला सहज खोटे उत्तर. मी अर्ध्या तासात निदान लिहिले आणि काहीशा ऐटीत फाइल सरांपुढे ठेवली. त्यांनी चष्मा न काढता एवढेच विचारले, "पंधराच्या आतलं काय?" माझ्याजवळ शाळा सोडल्याचा दाखला होता. त्यात 'वर्तणूक' या रकान्यात 'चांगली' असे लिहिलेले होते आणि मास्तर सगळ्यांनाच तसे लिहितात म्हणून मी तो बाजूला सारला होता. सरांनी शेजारच्या खाटेवरील रुग्णाची फाइल काढून दाखवली. त्याच्याही दाखल्यावर 'चांगली' हाच शब्द होता. त्याने मात्र बाराव्या वर्षी शेजाऱ्याची कडब्याची गंजी पेटवली होती.

तीन दिवसांनी माझ्या रुग्णाची थोरली बहीण काटोलकडून आली. बाहेरच्या बाकावर ती तासभर बोलली. "दारू लागायच्या आधी तो असा नव्हता जी. बैलाले बी कधी काठी नाही मारली त्यानं." एकोणिसाव्या वर्षापर्यंत तो संत्र्याचा बगीचा सांभाळत होता, चोऱ्या आणि थापा सगळ्या दारूनंतरच्या, दारूसाठीच्या. माझे निदान तिथेच कोसळले.

तेव्हापासून, पंधराव्या वर्षाआधी त्या माणसाला ओळखणारे कोणी भेटल्याशिवाय मी यादी उघडतच नाही. 'लहानपणी आक्रमक होता का?' असेही विचारत नाही, कारण त्याला 'नाही' याखेरीज उत्तर येत नाही. तान्ह्या पोळ्याला नंदी घेऊन फिरायच्या वयात तो कोणाबरोबर असे, शाळा कितवीत सुटली, आणि सुटली तेव्हा घरी नेमके काय झाले, असे विचारतो. यात वेळ जातो. ज्यांना तो नसेल त्यांनी परीक्षेच्या ताणावर प्रबंध लिहावा. तोही चांगला विषय आहे.

दुसरी मोठी चूक तर्काची आहे. तुरुंगातील नमुना घ्यायचा, अटकेस पात्र कृत्ये ज्या निकषांत आधीच मोजली आहेत ते त्याला लावायचे आणि 'या विकृतीचा गुन्हेगारीशी संबंध आढळला' असा निष्कर्ष काढायचा, म्हणजे डब्यात स्वतःच ठेवलेला लाडू शोधून काढल्याचा आनंद मानणे होय. फाझेल आणि डॅनेश यांनी २००२ मध्ये बारा देशांतील ६२ सर्वेक्षणे एकत्र केली, तेव्हा पुरुष कैद्यांत हे निदान सुमारे ४७ टक्के आढळले. तुरुंगातला जवळपास निम्मा वर्ग ज्यात बसतो, त्या नावावरून कैद्याकैद्यांतला फरक फारसा कळत नाही. म्हणूनच 'सायकोपथी', म्हणजे निर्दयपणा आणि पश्चात्तापाचा अभाव यांवरून ओळखली जाणारी त्याहून अरुंद संकल्पना, हा त्याचा समानार्थी शब्द नव्हे. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांच्या सायकोपथी मोजणाऱ्या पीसीएल-आर या मोजपट्टीत वीस बाबी असून प्रत्येकीला शून्य ते दोन गुण असतात. चाळिसांपैकी तीस ही उत्तर अमेरिकेतील रूढ सीमारेषा आहे. ती येथे जशीच्या तशी लावणे आणि तेही मुलाखतीचे प्रशिक्षण न घेता, हा उतावळेपणा आहे.

पोलिसांतील नोंद म्हणजे वर्तनाचा इतिहास असे समजू नये. विदर्भात काम करणाऱ्याला हे वेगळे सांगावे लागू नये, कारण १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसे जन्मानेच गुन्हेगार ठरवली होती; तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण पारध्यांच्या बेड्यावरील, म्हणजे वस्तीवरील, पोरांकडे पाहण्याची नजर गेली नाही. जगण्यासाठी केलेला बचाव विकृतीत मोजला जाऊ नये, असा इशारा डीएसएम-५ च्या मजकुरातही आहे.

बाकीचे थोडक्यात. खोटे बोलण्याविषयीची प्रश्नावली गुगल फॉर्मवर पाठवून आलेली उत्तरे खरी मानू नयेत. मेंदूच्या स्कॅनवरून किंवा रक्ततपासणीवरून हे निदान होत नाही. वर्तमानपत्रातील बातमीवरून आरोपीचे निदान करू नये. 'यावर उपाय नाही' असे बेधडक लिहू नये. उपचारांच्या मार्गदर्शिका काढणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या २००९ च्या मार्गदर्शिकेत खास या विकृतीसाठी औषधे सरसकट देऊ नयेत असे आहे, पण गटातील वर्तनोपचारांची शिफारसही आहे. २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात ही स्वतंत्र चौकट उरलेली नाही; तिथे आधी विकृतीची तीव्रता आणि मग स्वभावगुण पाहतात, त्यामुळे दोन्ही पुस्तकांची खिचडी करू नये. आणि सतरा वर्षांच्या मुलाच्या फाइलवर हे निदान लिहून आणल्यास मी दुसरे पान उलटत नाही.