डिझाइनमधली पीएचडी: हातातलं काम आणि प्रबंध

डिझाइनमध्ये पीएचडीला येणारी मुलं हमखास विचारतात, आता काम बाजूला ठेवून नुसतं वाचायचं का? माझा विषय देवनागरी टाइप डिझाइनचा होता, त्यावरून सांगते.

सगळं प्रश्नावर ठरतं. ‘मला नवा फॉन्ट करायचाय’ हा प्रकल्प झाला. ‘ट्ठ, द्ध, ङ्क अशी उभी जोडाक्षरं मोबाइलवर बारीक आकारात दाटतात, ती किती मोकळी केली तरी वाचकाला ओळखू येतील?’ हा संशोधनाचा प्रश्न, कारण अक्षरं काढून, लोकांना वाचायला देऊनच त्याचं उत्तर मिळतं. ब्रिटिश कला-शिक्षणतज्ज्ञ क्रिस्टोफर फ्रेलिंग यांनी १९९३ मध्ये कलेविषयीचं, कलेतून होणारं आणि कलेसाठीचं असं संशोधन वेगवेगळं मांडलं. आपलं हे मधलं, आणि तेच सगळ्यात अवघड. इथे हाताला कळलेलं दुसऱ्याला पटेल असं लिहावं लागतं.

वाचनाने माझी रेघ खरोखर बदलली. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याची जुनी पानं भिंगाखाली पाहत होते. खिळ्यांच्या छपाईत मात्रा, उकार, जोडाक्षरं सगळं शिशाच्या ठरलेल्या उंचीत बसवायला लागायचं. त्यातल्या काही तडजोडी आपण आज देवनागरीचा स्वभावच समजून गिरवतो! हे कळल्यावर ‘द्ध’ पुन्हा काढायला घेतला. इतिहासाचं प्रकरण आणि फॉन्टची फाइल तेव्हापासून शेजारी शेजारीच उघडी असायची.

म्हणून पहिल्या दिवसापासून नोंदी ठेवा. प्रत्येक कच्च्या रेखाटनावर तारीख, आणि ते का सोडलं त्याचं एक वाक्य. प्रबंधाचा गाभा बऱ्याचदा या सोडून दिलेल्या अक्षरांतच सापडतो. शेवटी आठवून लिहू म्हणाल तर कारणं हातून निसटलेली असतात.

प्रवेशाआधी एक नक्की विचारा: केलेलं काम प्रबंधाचा भाग धरतात की नुसतं परिशिष्ट? ब्रिटनमध्ये अनेक ठिकाणी दोन्हींचं एकत्र परीक्षण होतं. आपल्याकडे यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२च्या नियमांत पीएचडीला किमान ३ आणि साधारण कमाल ६ वर्षं आहेत, त्यात कोर्सवर्कही आलं. कोर्सवर्कमध्येच वाचकचाचण्या कशा घ्यायच्या ते शिकून घ्या.

आणि तोंडी परीक्षेला नमुने खऱ्या आकारात न्या. प्रोजेक्टरवर हातभर मोठ्या झालेल्या अक्षरात दाटी दिसतच नाही.