जुन्या पीसीत इंटर्नल मोडेम बसवताना या चुका टाळा

इंटर्नल मोडेमच्या कार्डावर मोडेमसोबत स्वतःचा सिरियल पोर्टही असतो (माउस, मोडेम जोडायचा पोर्ट; पीसी त्याला कॉम १ ते कॉम ४ असा नंबर देतो). एवढं लक्षात न घेता लोक कार्ड स्लॉटमध्ये खुपसतात आणि मग टेलिफोन लाइनला दोष देतात.

सर्वांत जास्त वेळा दिसलेली चूक म्हणजे माउस कॉम १ वर आणि मोडेम कॉम ३ वर. नंबर वेगळे, पत्तेही वेगळे (३एफ८ आणि ३ई८), पण दोघांचा आयआरक्यू (प्रोसेसरला हाक मारायच्या खुणेचा नंबर) एकच, ४. आयसा स्लॉटवर (जुन्या पीसीतला कार्ड बसवायचा स्लॉट) दोन कार्डांना एक आयआरक्यू एकाच वेळी वापरता येत नाही. कॉम २ आणि कॉम ४ यांचंही तसंच, तिथे आयआरक्यू ३.

१९९८ साली साताऱ्याला मावसभावाकडे हेच झालं होतं. नंबर लागायचा, किरकिर आवाज होऊन कनेक्शन जुळायचं आणि माउसला हात लावला की सगळं गोठायचं. त्याने वायर बदलली, लाइनमन दोनदा येऊन गेला. लाइन ठणठणीत होती. मी कार्ड बाहेर काढलं, तर जंपर (कार्डावरची सेटिंग बदलायची छोटी टोपी) कॉम ३ वर, दुकानातून आला तसाच. बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन मदरबोर्डावरचा रिकामा कॉम २ बंद केला, मोडेमचे जंपर कॉम २ आणि आयआरक्यू ३ वर लावले. दहा मिनिटांचं काम, त्यासाठी त्याचे दोन आठवडे गेले.

तेव्हापासून मी आधी कागदावर लिहितो: कोणतं कार्ड, कोणता पत्ता, कोणता आयआरक्यू. मगच स्क्रू-ड्रायव्हर हातात. ‘प्लग अँड प्ले आहे, आपोआप होईल’ म्हणणाऱ्यांनी जुन्या आयसा कार्डांच्या बाबतीत ही घाई करू नये. बोर्डावरचा कॉम २ चालू ठेवून मोडेमही कॉम २ वर लावणं ही तर त्याहून वाईट चूक.

एस३ चिपचं डिस्प्ले कार्ड असेल तर कॉम ४ टाळा. २ई८ या पत्त्यावर दोघांची टक्कर होऊ शकते.

विनमोडेम (विंडोजवर अवलंबून असलेला मोडेम) डॉसमध्ये, म्हणजे कमांड टाइप करून चालवायच्या जुन्या सिस्टिममध्ये, चालवायला बघू नका. त्याचं बरंचसं काम विंडोजचा ड्रायव्हर प्रोसेसरकडून करून घेतो.

बाहेरचा मोडेम असेल तर डॉसमधल्या एमएसडी या तपासणीच्या प्रोग्रॅमने पोर्टची चिप तपासा. ८२५० किंवा १६४५० मध्ये आलेला डेटा ठेवायला एकाच बाइटची जागा असते, १६५५०ए मध्ये १६ बाइटची. वेगवान मोडेमला ही दुसरीच हवी.

आणि वळवाचा गडगडाट सुरू झाला की फोनची वायर मोडेममधून काढा. नुसता पीसी बंद करून भागत नाही, वीज लाइनवरूनही येते.