वेकचा आवाज हौदात कसा ऐकायचा

पंधरा वर्षं नौदलात सोनारवर, म्हणजे पाण्याखाली आवाज सोडून आणि ऐकून शोध घेणाऱ्या यंत्रावर, कान लावून बसलो. आता पैठण तालुक्यात मोसंबी करतो. गावातली लेकरं विचारतात, "काका, पाण्याखाली काय ऐकू यायचं?" समुद्र इथून एका रात्रीच्या प्रवासाइतका लांब. म्हणून वेकचा, म्हणजे जहाजामागे घुसळलेल्या पाण्याचा, आवाज त्यांना घरातच ऐकवायला लागलो.

आधी मग घ्या, चिनी मातीचा, जाड बुडाचा. स्टीलचा पेला नको, तो स्वतःच खणखणतो आणि पाण्याचा सूर झाकून टाकतो. मगात गरम पाणी भरा, कॉफी पावडर टाकून जोरात ढवळा आणि लगेच चमच्यानं आतून बुडावर टक टक करत राहा. जागा बदलू नका. सुरुवातीला आवाज जाड, खालचा येतो. मग बुडबुडे वर निघून जातात तसा सूर चढत जातो, पायरीपायरीनं. साध्या पाण्यात इनो टाकूनही होतं, पण चिमूटभरच. अख्खी पुडी ओतली तर फेसात आवाजच मरतो.

कारण असं. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १४८० मीटर धावतो, हवेत ३४० च्या आसपास. मिश्रणाचा वेग या दोहोंच्या मधला असेल असं वाटतं, पण तसं नाही. लिटरभर पाण्यात बारीक बुडबुड्यांची १० मिली हवा मिसळली की वेग १२० मीटरपर्यंत उतरतो, हवेतल्यापेक्षाही कमी! वजन पाण्याचं राहतं आणि दबण्याचा गुण हवेचा येतो. वेग उतरला की मगातला सूरही उतरतो.

आता हौद. हे काम मला सगळ्यात आवडतं. ठिबकची जुनी नळी घ्या, सुईनं दोन-दोन बोटांवर भोकं पाडा, एक तोंड बांधा आणि हौदाच्या मधोमध, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तळाला दगडांनी दाबा. दुसऱ्या तोंडाला टायरमध्ये हवा भरायचा कॉम्प्रेसर. नळीच्या एका बाजूला एकानं पाण्याखाली दोन दगड एकमेकांवर आपटायचे, दुसऱ्या बाजूला दुसऱ्यानं कान बुडवायचा. आधी हवा बंद ठेवून ऐका: टक्क. मग हवा सोडा. आवाज मवाळ, दूरचा होतो. हौदाच्या भिंतीतून थोडा आवाज वळसा घालून येतोच, तो पूर्ण बंद होणार नाही. लेकरं हौदाशी असताना मोठं माणूस शेजारी हवंच, आणि कॉम्प्रेसरची वायर पाण्यापासून लांब.

प्रत्येक बुडबुड्याला स्वतःचा सूरही असतो. मिनार्ट नावाच्या शास्त्रज्ञानं १९३३ मध्ये त्याचं गणित मांडलं: १ मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा सेकंदाला सुमारे ३३०० वेळा आकुंचन-प्रसरण पावतो. नळाचा थेंब बादलीत पडतो तेव्हाची "टुपुक" त्याचीच, पाण्यात अडकलेल्या हवेची. बुडबुडा दहापट बारीक झाला की सूर दहापट वर जातो, कानाला न कळणारा. त्याच सुराचा सोनारचा आवाज त्यावर आदळला की बुडबुडा त्याची ताकद गिळतो आणि उरलेली चहूकडे उधळतो.

जहाजामागे हेच घडतं. पंख्यानं घुसळलेल्या पाण्याच्या पट्ट्याला आम्ही वेक म्हणायचो. मोठे बुडबुडे लगेच वर येऊन फुटतात, बारीक मात्र कित्येक मिनिटं खाली रेंगाळतात. वरचं पाणी सपाट दिसतं, पण सोनारचा आवाज त्यातून नीट पलीकडे जात नाही. जहाज वेगात तीव्र वळण घेतं तेव्हा तिथं बुडबुड्यांचा दाट गोळा उरतो. त्याचा प्रतिध्वनी थेट पाणबुडीसारखा. नवा पोरगा तिथं हमखास चकतो.

असाच बुडबुड्यांचा पडदा उत्तर समुद्रात पवनचक्क्यांचे खांब ठोकताना सभोवती सोडतात, पॉर्पॉइज नावाच्या डॉल्फिनसारख्या प्राण्यांना ठोक्यांचा त्रास कमी व्हावा म्हणून.

हौदात हवा बंद केल्यावर घाई करू नका. वरचं पाणी शांत झालं की लगेच दगड आपटा, मग पाच मिनिटांनी पुन्हा. दोन्ही टक्क जवळजवळ सारखेच लागतील, कारण सुईच्या भोकातले बुडबुडे मोठे असतात, लगेच निघून जातात. मग पाण्यात थोडं इनो विरघळवून तोच प्रयोग पुन्हा करा आणि तो टक्क परत यायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजा.