साखळी अपघातात मधली गाडी तुमची असेल तर दोष आणि चलन कसे खोडून काढावे

‘मागून ठोकणाऱ्याचीच चूक’ हे वाक्य दोन गाड्यांपुरते बरे आहे. तीन-चार गाड्या एकमेकींत घुसल्या की मधल्या गाडीवर दोन्हीकडून बोट येते. पुढचा म्हणतो तुम्ही ठोकले, मागचा म्हणतो तुम्ही अचानक ब्रेक मारला. माझ्या टुरिस्ट गाड्या पुणे-मुंबई धावतात. बोरघाट आणि नवले पुलाचा उतार या दोन ठिकाणांनी मला पोलीस ठाण्याच्या बाकावर भरपूर बसवले आहे. तिथे जे सल्ले मिळतात त्यातले बहुतेक फुकटही महाग पडतात.

आधीची कामे एका दमात सांगतो. माणसे क्रॅश बॅरियरच्या पलीकडे न्या, जखमींची सोय करा, ११२ ला फोन करा, विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा. रस्त्यावर ‘मी भरून देतो’ असे काहीही लिहून देऊ नका.

आता खरे काम. सगळा वाद एका प्रश्नावर येऊन थांबतो: आधी कोणता धक्का बसला? तुम्ही थांबला होतात आणि मागच्याने तुम्हाला पुढे ढकलले, की तुम्ही आधी पुढच्याला धडकलात आणि मग मागचा येऊन आदळला? गाड्या बाजूला झाल्या की याचे उत्तर पुसट होत जाते. क्रेनवाल्याला घाई असते, पोलिसांना वाहतूक सुरू करायची असते, आणि पंचनामा होईपर्यंत गाड्या रस्त्याच्या कडेला उभ्या असतात.

म्हणून गाड्या हलण्याआधी, सुरक्षित असेल तरच, सर्वात मागच्या गाडीपासून सर्वात पुढच्या गाडीपर्यंत एक सलग व्हिडिओ घ्या. मध्ये थांबवू नका. त्यात प्रत्येक दोन गाड्यांमधले अंतर, लेनची पट्टी, टायर घसरल्याच्या खुणा आणि काचांचा सडा दिसला पाहिजे. बंपरचे जवळून काढलेले वीस फोटो गॅरेजवाल्याच्या कामाचे. गाड्या रस्त्यावर नेमक्या कुठे होत्या हे त्यांतून कळत नाही.

मग थेट पुढच्या गाडीच्या चालकाकडे जा. त्याला एकच विचारायचे: धक्का एक बसला की दोन? एकच बसला असेल तर तुम्ही ढकलले गेलात हे बहुधा सिद्ध होते. दोन बसले असतील तर पहिला तुमचा असण्याची शक्यता मोठी, आणि मग हा लेख तुमची पूर्ण सुटका करणार नाही. त्याची परवानगी घेऊन उत्तर मोबाइलवर रेकॉर्ड करा. संध्याकाळपर्यंत त्याला कोणीतरी मेहुणा भेटतो आणि एकाचे दोन धक्के होतात.

गाडीही बोलते. मागची बाजू पुढच्या बाजूपेक्षा जास्त चेपली असेल तर ते तुमच्या बाजूने आहे. जोरात ब्रेक मारलेल्या गाडीचे नाक खाली जाते, त्यामुळे ब्रेक लागत असताना धडकलात तर तुमचे बॉनेट पुढच्याच्या बंपरखाली घुसलेले दिसते. उभ्या गाडीला ढकलले असेल तर खुणा साधारण समान उंचीवर येतात. हा एकट्याने पुरणारा पुरावा नाही, पण विमा कंपनीच्या नुकसान तपासणाऱ्याला, म्हणजे सर्व्हेअरला, दाखवण्याजोगा नक्की आहे. सर्व्हेअर आणि आरटीओचा मोटार वाहन निरीक्षक गाडी पाहून जाईपर्यंत डेंटिंगला हात लावू देऊ नका.

डॅशकॅम (गाडीतला रस्ता टिपणारा कॅमेरा) असेल तर कार्ड तिथल्या तिथे काढा, कारण जुन्या चित्रणावर नवे चढत जाते. आवाजही महत्त्वाचा, कधी कधी चित्रापेक्षा जास्त, कारण दोन आदळण्यांचा क्रम त्यात ऐकू येतो. मूळ कार्ड जपून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेली दबलेली फाइल म्हणजे मूळ नव्हे. न्यायालयात भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे, म्हणजे डिजिटल पुरावा खरा असल्याचे, प्रमाणपत्र लागते, ते वकील करून देतील. टोलनाका किंवा पेट्रोल पंपाच्या सीसीटीव्हीसाठी तपास करणाऱ्या पोलिसाला, म्हणजे तपासी अंमलदाराला, त्याच आठवड्यात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी विनंती म्हणजे न केलेली विनंती.

पंचनाम्याच्या वेळी हजर राहा. ‘वाहनाचे पुढील व मागील बाजूस नुकसान’ एवढ्या एका ओळीवर समाधान मानू नका. पुढे काय आणि मागे काय, किती आत गेले, हे वेगवेगळे लिहायला सांगा. नम्रपणे सांगा, पण सांगा. ऐकले नाही तर त्याच दिवशी ठाण्यात लेखी अर्ज देऊन आवक शिक्का घ्या.

जबाबाच्या बाबतीत मी हट्टी आहे. फिर्याद ज्याची आधी, त्याची गोष्ट कागदावर आधी. पुढच्याने आधी फिर्याद दिली की तुमच्या नावापुढे ते ठरलेले वाक्य येते: आपल्या ताब्यातील वाहन भरधाव वेगात, हयगयीने, अविचाराने, रहदारीच्या नियमांकडे दुर्लक्ष करून चालवून. मग लागते भारतीय न्याय संहितेचे कलम २८१ (बेदरकारपणे वाहन चालवणे), कोणाला लागले असेल तर १२५ (दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणे), आणि मोटार वाहन कायद्याचे १८४ (धोकादायकपणे वाहन चालवणे). म्हणून उशीर करू नका. बोलताना ‘कंट्रोल सुटला’, ‘पुढची गाडी अचानक समोर आली’ असले काही तोंडातून काढू नका, कारण त्याचा अर्थ तुम्ही अंतर ठेवले नव्हते असा होतो. खरे असेल ते क्रमाने सांगा: किती वेग होता, पुढे किती अंतर होते, गाडी पूर्ण थांबली होती का, पहिला धक्का कुठून आला. तपासात नोंदवलेल्या जबाबावर सही घ्यायची नसते, फिर्यादीवर मात्र असते. हा फरक माहीत ठेवा, आणि फिर्याद वाचल्याशिवाय सही करू नका. विम्याच्या दावा अर्जातली हकीकतही शब्दाशब्दाने तीच असू द्या.

एफआयआरची प्रत महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर मिळते. एजंटची गरज नाही.

चलनाबद्दल सगळ्यात वाईट सल्ला म्हणजे ‘भरून टाका, मोकळे व्हा’. तडजोड शुल्क, म्हणजे चलनावरची रक्कम, भरले की चलनावरचा तुमचा वाद तिथेच संपतो, आणि समोरचा ती पावती सगळ्यांना दाखवत फिरतो. आधी वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक अ‍ॅपवर किंवा ई-चलनाच्या संकेतस्थळावर पुराव्यासह तक्रार नोंदवा. ती फेटाळली तर न्यायालयात दाद मागा. लोक अदालतीत निम्म्यात मिटते हे खरे, पण तिथे रकमेवर तडजोड होते, चूक कोणाची हे ठरत नाही. नो पार्किंगच्या चलनाला लोक अदालत उत्तम, अपघाताच्या चलनाला नाही.

न्यायालयाच्या दारात कोणीतरी कानाशी येऊन ‘गुन्हा कबूल करा, हजारभर दंडात सुटाल’ असे म्हणेलच. कबुली दिली की दोषसिद्धी लागते. ती लायसन्सला आणि पोलीस पडताळणीला आड येऊ शकते, भरपाईच्या दाव्यात तर तुमच्याविरुद्ध वाचली जातेच. ‘गुन्हा कबूल नाही’ एवढेच म्हणा आणि पुढचे वकिलावर सोडा.

पुढचा माणूस कायम निर्दोष असतो असेही नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोइमतूरच्या एका अपघातात, महामार्गावर इशारा न देता अचानक थांबलेल्या कारच्या चालकावर ५० टक्के, मागून आलेल्या बसवर ३० आणि अंतर न ठेवणाऱ्या जखमी दुचाकीस्वारावर २० टक्के दोष टाकला. टक्क्यांत वाटणी होते हे लक्षात घ्या. शंभर टक्के निर्दोष ठरण्याच्या हट्टापायी हातचे साठ टक्के घालवणारे पुष्कळ पाहिलेत.

स्वतःच्या गाडीचे नुकसान सर्वसमावेशक विमा असेल तर आपल्याच कंपनीकडून घ्या. दोषाचा निकाल लागेपर्यंत थांबावे लागत नाही, मात्र नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जातो. इजा झाली असेल किंवा समोरच्याकडून वसुली करायची असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जावे लागते. त्यासाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ मध्ये अपघातापासून सहा महिन्यांची मुदत लिहिलेली आहे. फौजदारी खटल्याचा निकाल लागू द्या मग दावा करू, असे कोणी सांगितले तर ऐकू नका. ते दोन वेगळे रस्ते आहेत आणि दाव्याची मुदत खटल्यासाठी थांबत नाही.