इलियनचा कालपट कसा तयार करावा

ट्रॉय नगरीला ग्रीक लोक इलियन म्हणत. शाळेच्या इतिहास प्रकल्पासाठी हा विषय घेतल्यावर पुठ्ठ्याचा लाकडी घोडा करण्याकडे बहुतेकांचा कल असतो. पण ग्रीक आणि ट्रॉय यांच्यातील ट्रोजन युद्धावरच्या होमरच्या ‘इलियड’च्या कथानकात घोडा येतच नाही, ते महाकाव्य ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर याच्या अंत्यविधीवर संपते. त्यापेक्षा नगरीचे थर, म्हणजे एकावर एक वसलेल्या वस्त्यांचे अवशेष, दाखवणारा कालपट करावा.

ठाण्याच्या नौपाड्यातील कोणत्याही स्टेशनरीच्या दुकानातून कार्डशीट आणून तिची ३५ सेंटिमीटर उंचीची उभी पट्टी कापावी. तळाशी इ.स.पू. ३००० आणि माथ्यावर इ.स. ५०० लिहावे, म्हणजे एका सेंटिमीटरला शंभर वर्षे हे प्रमाण बसते. तुर्कस्तानातील हिसारलिकच्या टेकडीत सापडलेले नऊ मुख्य थर खालून वर रंगवावेत; त्यांचे काळ अंदाजे असल्यामुळे सीमारेषा तुटक काढाव्यात.

खरी काळजी घ्यायची ती या टेकडीचे उत्खनन करणाऱ्या जर्मन हाइनरिख श्लीमनच्या बाबतीत. १८७३ मध्ये त्याला मिळालेले सोने त्याने ‘इलियड’मधील ट्रॉयच्या प्रायम राजाचे मानले, परंतु ते दुसऱ्या थराचे, म्हणजे पट्टीवर सुमारे ६ सेंटिमीटरवरचे आहे, तर ट्रोजन युद्धाशी सहसा जोडला जाणारा, इ.स.पू. ११८० च्या सुमाराचा विध्वंस १८ सेंटिमीटरवर येतो. मधले १२ सेंटिमीटर मुलांनी स्वतः मोजावेत. खाली पोहोचण्यासाठी त्याने खणलेल्या मोठ्या चरात वरच्या थरांचे फार नुकसान झाले, तेव्हा माथ्यापासून दुसऱ्या थरापर्यंत कात्रीने एक अरुंद खाच पाडावी. ही खाच पाडताना मन कचरते, आणि कचरायलाच हवे.

डाव्या समासात नावे लिहावीत. आजच्या तुर्कस्तानातील प्राचीन हित्ती साम्राज्याचा राजा दुसरा मुवातल्ली याच्या तहातील ‘विलुसा’ म्हणजे हेच नगर, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ते नाव १७ सेंटिमीटरच्या किंचित वर येईल. ‘इलियड’चा काळ २२ ते २३ सेंटिमीटरच्या दरम्यान, ग्रीकांनी वसवलेले इलियन त्याच्या वर आठव्या थरात, आणि रोमनांचे इलियम नवव्यात.

ठाणे जिल्ह्यातील मुलांनी उजव्या समासात आणखी एक खूण अवश्य करावी. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी वृत्तांतात कल्याण बंदराचा उल्लेख ‘कल्लिएना’ असा आहे. ही खूण साडेतीस सेंटिमीटरच्या आसपास, नवव्या थराच्या शेजारी, वेगळ्या शाईने करावी.